तीन गावांचा वॉल्ट

हिवाळ्यात इथला उजेड चहाच्या वेळीच आटतो, निळसर आणि क्षीण होतो, आणि त्या निळाईत आमच्या रस्त्यावरची दारं एकामागून एक खडखडायची. आधी माझ्या शिवणाच्या दुकानाचं, मग न्हाव्याचं, मग बंद पडलेल्या बेकरीचंसुद्धा. कुलूप नीट लागलंय ना, हे पाहायला वॉल्ट प्रत्येक दाराची मूठ हलवायचा. बेकरीत चोरायला धुळीशिवाय काही उरलं नव्हतं, पण तिची मूठ त्याने कधी वगळली नाही.

वॉल्ट आमचा पोलीस. आमचा म्हणजे पेनसिल्व्हेनियातल्या या नदीकाठच्या तीन गावांचा. एकेकट्याला खर्च झेपेना म्हणून, वॉल्ट तरुण असताना, तिघांनी मिळून एक पोलीस खातं केलं होतं. गाडीवर कुणाचं नाव आधी, यावरून तेव्हा इतकं वाजलं की डाव्या दारावर एक क्रम रंगवला, उजव्या दारावर उलटा, आणि मधल्या गावाची समजूत काढायला डिकीवर त्याचं एकट्याचं नाव. भांडावं कसं, ते यांच्याकडून शिकावं. त्या गाडीतून वॉल्ट उतरायचा तो आधी टोपी, मग दुखरा गुडघा, मग एक सुस्कारा. देह थोराड, पण चाल मात्र आजाऱ्याच्या खोलीत शिरणाऱ्या माणसासारखी हलकी.

प्लँटमधून रिटायर झालेले आमचे हे विसरायला लागले, तेव्हा तो मला खरा कळला. संध्याकाळी ‘घरी जातो’ म्हणून हे घरातूनच निघायचे आणि पूल ओलांडून पलीकडच्या गावात पोचायचे. पुलावर गावाची सीमा संपते, वॉल्टची संपत नसे. तो गाडी हळू करायचा, काच खाली करायचा आणि कुठे निघालात हे कधी विचारायचा नाही. "मिस्टर के, एकट्याने राउंड मारायचा कंटाळा येतो हो. येता का सोबत?" एवढंच. आमच्या लांब आडनावातलं ‘के’ तेवढं त्याच्या जिभेला जमायचं. ज्यांना माझं नाव धड आठवत नव्हतं ते हे रुबाबात पुढच्या सीटवर बसायचे, आणि मग वॉल्टने हलवलेली प्रत्येक मूठ पुन्हा एकदा स्वतः हलवून पाहायचे. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर कामावरून आलेल्या माणसाचं समाधान असायचं.

मग गावांना अवदसा आठवली. एका गावाने खात्यातून बाहेर पडायचा ठराव केला, तो बाहेर पडायला नव्हे, बाकीच्या दोघांनी घाबरून आपलं ऐकावं म्हणून. त्याच आठवड्यात त्या दोघांनीही नेमकं तेच केलं. मागे कोण फिरणार? खातं मिटलं.

"आई, नाइन-वन-वन कर ना, स्टेट ट्रूपर्स येतील," लेक फोनवर म्हणते. येतील गं, राज्याचे पोलीस ते, लांबून येतील, चांगलेही असतील. पण अंधारात उत्तर न देणारा सावळा म्हातारा दिसला की त्यांचा हात कुठे जाईल, याची मला भीती वाटते.

शेवटच्या दिवशी वॉल्टने यांचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "मिस्टर के, आता रस्ता तुमच्यावर सोपवला." मायेनेच म्हणाला. म्हणायला नको होतं. मला तेव्हाही राग आला, आणि अजून येतो. पुढे तो मुलाकडे दूर राहायला गेला.

आता उजेड निळा झाला की हे टोपी घालून निघतात. आधी दुकानांच्या मुठी, मग हल्ली घरांच्याही. काल नव्याने राहायला आलेल्या कुणाच्या तरी दाराची मूठ यांनी हलवली आणि आत झटकन दिवा लागला. ओठांवर माफी तयार ठेवून मी मागोमाग चालते. माझे पाय थकतील तेव्हा काय, याचं उत्तर तिन्ही गावांत कुणाकडे नाही. वॉल्टचं नाव, चेहरा, सगळं यांच्यातून पुसलं गेलंय, त्याची राखण तेवढी हातात उरली आहे. माणूस निघून गेल्यावर मागे उरलेल्या अशा आठवणीला काय म्हणावं कोण जाणे. दाराआडची माणसं मात्र तिला चोर म्हणतील.