दोघांच्या हाती एकच कुलूप

मित्रांनो, मी एक जुनी कुलूप-फाईल आहे. वाईच्या नारायणमास्तरांच्या लॅपटॉपमध्ये राहते. दोन वर्षांपूर्वी आलेल्या एका पत्राला मास्तरांनी उत्तर दिलं नाही. ते माझ्यामुळेच, असं मला सारखं वाटतं.

पत्र आटपाडीकडून मायाचं होतं. ‘आजीची वाचा गेली आहे. तिच्या ओव्या फक्त तुमच्याकडे आहेत. पाठवा, मी तिला वाचून दाखवीन.’

त्याआधी एक उन्हाळाभर मास्तर तिच्या आजीच्या, भामाबाईंच्या, दारात बसून ओव्या टिपत होते. मेंढरांमागे चालता चालता जुळवलेल्या एकशे बारा ओव्या!

“आवं मास्तर, बोटं झपाझप चालवा की! माजी लंगडी मेंढी बी तुमच्या फुडं जाईल,” भामाबाई म्हणत. लाजाळू मास्तर मान खाली घालून हसत.

प्रत्येक ओवीची वेगळी फाईल होती. सगळ्या एकत्र आणायला मास्तरांनी पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिला आणि मला घडवलं. माझं काम पाटाच्या पाण्याच्या पाळीसारखं. मी ज्याच्या हाती, त्याने लिहायचं, दुसऱ्याने थांबायचं. “शहाणी आहेस,” मास्तर पुटपुटले. तेवढंच कौतुक माझ्या वाट्याला आलं.

मग काम लवकर उरकावं म्हणून, पुस्तकात वाचून, त्यांनी हौसेने प्रोग्रॅमला दोन फाटे फोडले, म्हणजे एकाच वेळी लिहिणाऱ्या त्याच्या दोन प्रती केल्या. पण मला आधी उघडलं आणि फाटे नंतर फोडले. त्यामुळे दोघेही मला हातात धरूनच जन्मले. कुलूप आपल्याकडे आहे, असं दोघांनाही वाटलं. कुणीच थांबलं नाही. एकाने लिहिलेलं दुसरा पुसत गेला. दोघांच्या मुठीत असून मी काहीच करू शकले नाही.

एकत्र झालेली फाईल न तपासताच मास्तरांनी सुट्या फाईली काढून टाकल्या. नऊ ओव्या धड उरल्या.

“अहो, एक ओळ तरी कळवा तिला,” मास्तरांच्या पत्नी गोदावरीबाई म्हणत.

“काय कळवू? हरवल्या म्हणून?” मास्तर पत्र पुन्हा खणात ठेवत.

मागच्या आठवड्यात मायाचं कार्ड आलं. ‘आजी गेली. आता घाई नाही.’

मित्रांनो, दुसऱ्याची ठेव हाती असेल, तर मूळ पुसण्याआधी नक्कल उघडून पाहा. आणि चूक झालीच, तर ज्याचं गेलं त्याला त्याच्या हयातीत सांगा. मला तर सांगताही येत नव्हतं.

आज मास्तरांनी नऊ ओव्या हाताने उतरवल्या. खाली लिहिलं, ‘बाकीच्या माझ्या चुकीने गेल्या. आजीला हे सांगायचं राहिलं.’ पाकीट घेऊन ते बाहेर पडले. बऱ्याच वेळाने दार वाजलं.

“पेटीत टाकलंत?” गोदावरीबाईंनी विचारलं.

“टाकलं,” मास्तर म्हणाले.