कुरुळीच्या कडुलिंबावर

मी पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत बोलतेय. लोक मला कटर म्हणतात. कारखान्यातून मी आले ती थेट चाकणच्या विलासशेठच्या दुकानात, अगदी खालच्या फळीवर.

वरच्या फळीवर लांब पात्यांच्या मशिनी होत्या. गिऱ्हाईक आधी तिकडेच बोट दाखवी. मला पाहून एकजण म्हणाला, "हे काय खेळणं ठेवलंय?" मी धूळ खात राहिले.

मग आम्रपाली आली. कंपनीतली नोकरी सोडून तिने दोराने झाडावर चढून फांद्या उतरवायचं रीतसर शिक्षण घेतलं होतं. सोबत वडील होते, जयसिंग.

"घ्यायचीच तर मोठी घे, बाळा," ते म्हणाले.

"पप्पा, बुंधा जमिनीवर आडवा असला तर मोठीच लागते. मला वर लटकून कापायचंय. ते धूड पेलता पेलता मीच दमेन."

तिने मला उचललं, तोललं, मूठ पंजात नीट बसते का पाहिलं. मग सुरू करायला लावून ब्रेक ढकलला. साखळी जागच्या जागी थांबली. "हीच द्या," ती म्हणाली. त्या दिवशी मला पहिल्यांदा माझं वजन बरोबर वाटलं.

पुढच्याच उन्हाळ्यात वळवाच्या वाऱ्याने कुरुळीत कडुलिंबाची जाडजूड फांदी मोडली आणि भिमाजींच्या घरावर टेकली. पत्रा वाकला, दार अडकलं. आत त्यांची आई चतुराबाई खाटेवर होत्या; खुब्याचं हाड आधीच मोडलेलं असल्याने त्यांना उठता येत नव्हतं. बोळात क्रेन शिरेना, म्हणून आम्रपालीला बोलावलं. जमलेली माणसं म्हणत होती, बुंधाच कापा.

"बुंधा कापला तर सगळं झाड घरावर येईल," आम्रपाली म्हणाली. "मी वरून तुकडे करून उतरवते."

भिमाजी पुढे आले. "ताई, आई आत हाय. जपून."

"दादा, तुम्ही आणि पप्पा दोर धरा. मी सांगेन तेव्हाच सोडा."

ती चढली. मी तिच्या कमरेला लटकत होते. प्रत्येक तुकडा ती आधी दोराने बांधी, मला खालून थोडी चालवी, मग वरून. तुकडा सुटला की खालचे दोघे तो अलगद उतरवीत. शेवटचा तुकडा पत्र्यावरच टेकला होता. तेवढ्यात वारा उठला, पत्रा करकरला. तिने मला बंद केलं आणि वारा पडेपर्यंत हललीच नाही. मग मला सुरू करायची दोरी ओढली. मी एका दमात लाकूड पार केलं.

खालच्या दोघांनी तुकडा उतरवला, जमलेल्यांनी पत्रा वर उचलला. दार उघडलं. खाटेसकट चतुराबाई बाहेर आल्या, आणि सगळा बोळ टाळ्या वाजवू लागला.

म्हातारीने वर पाहिलं. "पोरी, झाड न्हाई ना पाडलंस?"

"नाही आजी, उभं आहे."

"बरं केलंस. त्याच्या सावलीमुळं तर पत्र्याखाली राहवतंय."

आता पिंपरीपासून राजगुरुनगरपर्यंत आम्हाला बोलावणं येतं. आम्रपालीने जमिनीवरच्या कामासाठी मोठी मशीनही घेतलीय. गाडीत आम्ही शेजारी असतो आणि आमचं छान जमतं.

एवढंच मागणं आहे. दुकानात गेलात की नुसतं पात्याच्या लांबीकडे बघू नका. काय कापायचंय, कुठून कापायचंय, हात कुणाचे आहेत, ते आधी सांगा. आणि शिकल्याशिवाय मला झाडावर नेऊ नका. बाकी फांदी माझ्यावर सोडा.