कडी-कोयंडा

कडी एका अंगानं झिजलेली होती. बोट फिरवलं की एका ठिकाणी लोखंड एकदम बारीक, गुळगुळीत लागे आणि म्हस्कूचं बोट तिथंच थांबे. कामावर निघायची वेळ होऊन गेली होती, ऊन उंबरा ओलांडून आत आलं होतं, तरी तो दारात उभा राहून कडी चाचपत होता. काल तिसऱ्या प्रहरी ती दाराला ठोकली तेव्हा केवढी ऐट वाटली होती! लग्नाला चार वर्षं झाली आणि आत्ता कुठं स्वतःचं म्हणावं असं दार मिळालं. त्या दाराला स्वतःच्या हातानं कडी-कोयंडा बसवणं ही काही साधी गोष्ट नव्हती. आणि बानू नुसती म्हणाली होती, ‘बरं झालं.’

कऱ्हा नदीवरून ती धुणं घेऊन आली, दाराकडे बघितलं. मग मान वर करून तुळईकडे बघितलं — तिथं दोन भोकं राहिली होती, एकमेकांपासून हातभर अंतरावर. बघतच राहिली. ‘बरं झालं,’ म्हणाली आणि पिळे वाळत घालायला गेली. त्याला वाटलं, दमली असेल. रात्री जेवली नाही, तेव्हाही त्याला वाटलं की दमलीच असेल… माणसाला वाटून घ्यायला काय लागतं!

आता ती चुलीपुढं बसली होती, पाठ त्याच्याकडे. भाकरीचं फडकं तिनं न वळताच पुढं केलं.

“कडी बसली का नीट?” त्यानं विचारलं.

“बसली की.”

“तूच म्हणत व्हतीस, कुत्री शिरत्यात म्हणून.”

“व्हय. मीच म्हणत व्हते.”

तो निघाला. बारामतीच्या पेठेत गुळाच्या अडतीवर तो हमाली करी. ढेपा उचलायच्या, रचायच्या. अंगात ताकद होती, पण दिवसभर एकाच ठिकाणी राहायची सवय नव्हती. त्याचा बाप, आजा, सगळे मेंढरांमागं हिंडले. दिवाळी झाली की कोकणात उतरायचं, पावसाच्या तोंडावर घाट चढून परत यायचं. त्यानंही तेच केलं, आणि यंदाच्या दिवाळीत इंदापूरच्या बाजारात सगळी मेंढरं देऊन टाकून हे घर घेतलं — दोन खणांचं, धाब्याचं, दार आहे पण कडी नाही, छत आहे पण मातीला भेगा. का घेतलं ते दोघांनाही ठाऊक होतं, आणि दोघांपैकी कुणी ते बोलत नव्हतं.

बोललो असतो तर? — रस्त्यानं चालता चालता त्याच्या मनात आलं. एकदा, एकदाच बोललो असतो तर कालचं झालं नसतं… काल काय झालं असं? काही झालं नाही. धाब्याची जुनी माती उकरली होती, तेव्हा तुळईतून खाली लोंबणाऱ्या दोन कड्यांची टोकं तिच्या पाठीवर वाकवलेली दिसली. सरळ केली, हातोडीचे चार टोले घातले, कड्या खाली पडल्या. घरात बसल्या जागी लोखंड सापडलं. महिपती लोहाराकडे गेलो. एक कडी त्यानं तापवून उकलली आणि कोयंडा केला, दुसरी तशीच ठेवून तिला साखळी जोडली. ‘ही लई झिजलीय एका अंगानं,’ महिपती म्हणाला होता. ‘काय टांगत व्हते हिला?’ मी म्हणालो, ‘धान्याचं पोतं असंल.’ महिपती हसला होता. का हसला ते मी विचारलं नाही. तिथून येऊन वर नवी माती घातली, चोपली.

टांगलेल्या पोत्यानं कडी झिजत नाही. झिजते ती हलणाऱ्या वजनानं. दाव्यांची, दोरांची झीज बघत ज्याचा जन्म गेला त्याला हे कुणी सांगायला नको होतं.

बाजारचा दिवस होता. दुपारी ढेपा रचून तो लिंबाखाली टेकला तेव्हा समोरून द्वारकाबाई आली. घर तिचंच. नवरा गेल्यावर तिनं ते विकलं आणि भिगवणला लेकीकडे जाऊन राहिली. पण बाजाराला एसटीनं यायची, आणि आली की जुन्या घरी पाणी प्यायला हटकून टेकायची. बानूला ती आवडे.

“घरी जात न्हाय आज, गाडी चुकंल,” ती म्हणाली. “माती झाली का धाब्याची?”

“झाली की, मावशी. चांगली चोपून.”

“मग आता सांगितलं असंल तिनं.”

“काय?”

द्वारकाबाईनं पदर तोंडाला लावला. “अगं बाई! घर नीट झालं की त्यास्नी सांगीन म्हणली व्हती. मागल्या बाजाराला गेले, तर एकटीच भुईवर बसून वर कड्यांकडं बघत बसलेली. म्हणलं, कितवा गं? तर म्हणली, तिसरा लागलाय.”

त्यानं भाकरीचं फडकं उगाच पुन्हा बांधलं.

“तुझी बायको वेडी हाय बघ. त्या पलीकडच्या आळीतलं घर किती नामी व्हतं! दाराला कडी, भिंतीला चुना. तर ही माझ्या घरात आली, वर बघितलं आन् म्हणली, हेच. माझी पाचही लेकरं त्या कड्यांखाली वाढली म्हणल्यावर रडाया लागली.” तिनं पिशवीतून एक गाठोडं काढलं. आत सुताचे दोन दोर होते, धुऊन, वेटोळं करून ठेवलेले. “पाळण्याचं हायेत. तिला दे. आत्ता बांधायचं न्हाय म्हणावं, येळ आली की बांधायचं.”

ती गेली. गाठोडं त्याच्या मांडीवर राहिलं.

मला काय माहीत, त्यानं मनाशी म्हटलं. आमच्यात कुठं तुळई असते? पोराला झोळी, झोळीला बाभळीची फांदी. वाटेनं चालताना घोडीवर टोपली. घरात कड्या कशाला असतात हे धनगराच्या पोराला कसं कळावं… उरलेल्या ढेपा उचलताना तो हेच घोकत होता, आणि बाजार उठेपर्यंत ते त्याला जवळजवळ पटलंही.

पण पहिल्या लेकाचं, बिरूचं बारसं बानूच्या माहेरी झालं होतं. तिचा बाप कधीच मेंढरं सोडून कालव्याखालची जमीन करू लागला होता, त्याचं घर चांगलं चार खणांचं. म्हस्कू पुरुषांबरोबर अंगणात बसला होता, आतून बायकांचं गाणं ऐकू येत होतं. बायकांत कोण जाणार? मग गाणं संपलं आणि सासूनं हाक मारली — या, लेकाला बघा. तो आत गेला. पाळणा हलत होता. तो खाली वाकला, पोराच्या मुठीत बोट दिलं, आणि मग… मग वर बघितलं होतं का?

सव्वा महिना झाला आणि तो तिला न्यायला आला. ‘पाऊसकाळापतुर राहू द्या, जावईबापू,’ सासरा म्हणाला होता. ह्यानं ऐकलं नाही. मेंढरांमागं माणूस कमी पडत होतं. वैशाखात घाट चढताना वळीव आला. ‘आज हितंच थांबू,’ बानू म्हणाली, ‘ह्याचं अंग तापलंय.’ तो म्हणाला, वर गेल्यावर थांबू. वर गेल्यावर थांबले ते पोराला पुरायलाच.

दिवेलागणीला तो घरी आला. बानू कंदिलाची काच पुसत होती. तिनं गाठोडं बघितलं, सोडलं, आणि दोर हातात घेऊन तशीच बसली.

“मावशी भेटली,” तो म्हणाला.

“समजलं.”

“बानू, महिपतीकडनं दुसऱ्या कड्या घडवून आणतो. उद्याच.”

“नगं. वर नवी माती हाय. पुन्ना उकरली तर पावसात गळंल.” तिचा आवाज रागाचा नव्हता. रागाचा असता तर बरं झालं असतं. “झोळी बांधू की. पयल्याला बी झोळीच व्हती.”

ती उठली, दोर कोनाड्यात ठेवले आणि कंदील लावला. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, “दार लावा. कुत्री शिरत्यात.”

त्यानं दार ओढलं. कडी हातात घेतली आणि बोट पुन्हा त्या झिजलेल्या जागी जाऊन बसलं, बरोबर जिथं दोर बसत असेल तिथं. हिला पाच पोरांनी झिजवली. बारशाला बघितलं होतं मी वर. पाळणा हलत होता, वर कड्या कुरकुरत होत्या, त्या कुरकुरीनंच मान वर गेली होती. काल हातोडी उचलली तेव्हाही तीच कुरकुर कानात आली होती. बानूला विचारायचं तर बिरूचं नाव निघालं असतं, म्हणून मी ती धान्याच्या पोत्याची आहे असं ठरवून टाकलं. ठरवून टाकायची मला सवयच आहे — वर गेल्यावर थांबू.

“लागंना व्हय?” आतून बानूनं विचारलं.

“लागतीय,” तो म्हणाला, आणि कडी हातात धरून तसाच उभा राहिला.