दोघांनी राखायचं रान

मी टीव्ही गेम बोलतोय, आणि आधीच सांगून ठेवतो, मला धीर कसा तो नाही. अंगात वीज आली की लगेच काहीतरी पळायला हवं, उडायला हवं. नुसतं बसवून ठेवलं की माझं डोकं तापतं.

सव्वीस वर्षांपूर्वी शेषेरावांनी मला लातूरच्या गंजगोलाईतून पिशवीत घालून औशाजवळच्या आपल्या गावी आणलं. त्यांची दोन लेकरं, बजरंग आणि राजकन्या, माझ्यावर तुटून पडली. पहिला रिमोट थोरल्या बजरंगचा. दुसऱ्या रिमोटला स्टार्टचं बटणच नव्हतं, तो राजकन्येचा. कॅसेट लागली नाही की दोघं तिच्यात आळीपाळीनं फुंकर मारायची. थुंकी उडायची हो! मला मात्र ते दिवस फार आवडायचे.

लेकरं मोठी झाली आणि मी माळ्यावर गेलो. पोत्याखाली, तब्बल पंधरा वर्षं. माझ्यासारख्या उतावळ्याला ही काय शिक्षा झाली?

पुढं शेषेराव, लेकरांचे अण्णा, गेले. बजरंगनं हक्कसोडीचे कागद बहिणीपुढं ठेवले. तिनं सही केली की शेत त्याच्या एकट्याच्या नावावर. राजकन्या म्हणाली, "न्हाई करत." त्या दिवसापासून भावानं बोलणं टाकलं. तिचा फोन उचलणं बंद. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, सगळं गाव शेतात जेवायला जातं, लेकीबाळींना आवर्जून बोलावतं. राजकन्येला दोन वर्षं बोलावणं नाही. तिला भाऊ हवा होता, आणि बापाचं रानही सोडवत नव्हतं.

आई पंचफुलाबाईनं शेवटी मला माळ्यावरून काढलं आणि लेकीच्या पिशवीत कोंबलं. "घिऊन जा. दोघांचं हाय ते."

राजकन्या नांदेडला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. तिनं माझ्यासाठी चक्क नवा गेम लिहायला घेतला! माझ्यासारखे डबे बाजारातून जाऊन जमाना झाला, आणि ही बया माझ्यासाठी गेम लिहितेय. लॅपटॉपवर लिहायचं, जुन्या कॅसेटच्या चिपवर उतरवायचं, माझ्या खाचेत दाबायचं, फसलं की पुसायचं. सहा महिने हेच. माझा जीव मेटाकुटीला आला.

गेम काय, तर ज्वारीवर पाखरं येतात, ती गोफणीनं उठवायची. रान त्यांचंच, बांध, विहीर सगळं हुबेहूब, दोन टोकांना दोघं उभे. एकट्यानं खेळलं की दुसरं टोक पाखरं फस्त करतात. एका ओळीत आठाच्या वर पाखरं मला झेपत नाहीत, नववं गायबच होतं. ती म्हणाली, "राहू दे. पाखरं बी तशीच करत्यात."

येळवशीच्या आदल्या दिवशी, न बोलावता, ती माहेरी आली. मला जुन्या टीव्हीला जोडलं, एक रिमोट हातात घेतला, दुसरा सतरंजीवर ठेवला. पंचफुलाबाई उद्याच्या भज्जीसाठी, म्हणजे मिसळीच्या भाजीसाठी, शेंगा सोलत होती. बजरंग दारात पाठ करून मोबाइल बघत बसलेला.

डावं टोक ती राखतेय, उजवं पाखरं खातायत. एकदा, दोनदा, सात वेळा हरली. अरे, उचल की बाबा तो रिमोट! माझं बोलणं माणसांना ऐकू जात असतं तर मी शिवीच हासडली असती.

बजरंगनं वळून पाहिलं आणि पाहतच राहिला. कपाळाला आठी पडली.

"हीर तिथं न्हाई."

पंचफुलाबाईचा हात थांबला. दोन वर्षांतलं पहिलं वाक्य, आणि तेही चूक काढायला! रक्तच तसलं ह्या घराचं.

"तिथंच हाय की," राजकन्या म्हणाली. "अण्णांनी पाडलेली हीर."

"आटली ती. परसालच बुजवली. नवी मावळतीला पाडली."

"बुजवली?" तिचा आवाज फाटला. "अण्णांची हीर बुजवली, आन् मला सांगावं वाटलं न्हाई, दादा?"

बजरंगनं रिमोटकडं बघितलं, उचलला नाही. उठला, चपला घातल्या, निघाला. मी इतका खवळलो म्हणता! संपलं आता, म्हटलं.

मग अंगणातून आवाज आला, "राजे, चल. दावतो."

"आत्ता?"

"आत्ताच. उद्या गर्दी असती."

ती तशीच पळाली. मागोमाग पंचफुलाबाई, ओटीतल्या शेंगा सांडत. मला बंद करायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्या कागदांचं पुढं काय होईल, मला ठाऊक नाही.

तासभर झाला. अंग भाजतंय. दोन्ही टोकांना पाखरं बसलीत, ज्वारी संपत आलीय. इकडून कुणी जात असाल तर माझ्यासाठी त्यांना हाक तेवढी मारू नका. खाऊ द्या पाखरांना. त्या दोघांना सावकाश येऊ द्या.