दुसऱ्या वळणावरची मुलगी

वारलेल्या गाइडचा पाहुण्यांना फिरवायचा रस्ता त्याच्या घरच्या माणसानं एकदा चालून बघितल्याशिवाय दुसऱ्याला द्यायचा नाही, असा त्या गावच्या गाइड मंडळाचा रिवाज होता. कुठं लिहिलेला नव्हता, पण कुणी मोडलाही नव्हता. घरचं कुणीतरी यायचं, नव्या गाइडमागून पाहुण्यांबरोबर शेवटपर्यंत चालायचं आणि 'चालू द्या' म्हणायचं. नाही म्हटलं तर तो रस्ता बंद. मग पाहुण्यांना दुसऱ्या वाटेनं नेत.

मंडळाचे गाइड योशितोमी सर वारले त्याला शनिवारी एकोणपन्नास दिवस झाले, म्हणजे तिथल्या रीतीनं दुखवटा संपला. भिक्षू येऊन गेले, अस्थी घराण्याच्या थडग्यात ठेवल्या, आणि रविवारी सकाळी त्यांची मुलगी मिझुहो किल्ल्याच्या खंदकापाशी येऊन उभी राहिली. खरं तर आईनं यायचं, पण आईनं गुडघ्यांवर हात ठेवून नकार दिला होता.

"तू जा. माझं त्यांचं काय ऐकायचं राहिलंय? घरात मूग गिळून, आणि दाराबाहेर पडले की धबधबा. बायको-मुलीच्या वाट्याचे शब्द साठवून साठवून त्या पाहुण्यांवर उधळले त्यांनी. बघून तरी ये कसे उधळले ते."

आई हे हसत म्हणाली होती. मिझुहोला हसू आलं नव्हतं. हिरोशिमाहून ती सणासुदीला घरी यायची, तेव्हा बाबा समोर बसून मिसोचं सूप प्यायचे, 'गाडीला गर्दी होती का' विचारायचे आणि वर्तमानपत्र उघडायचे. पाणीखात्यातून निवृत्त झाल्यावर ते गाइड झाले आणि लोकांना हसवतात हे तिला आईच्या फोनवरून कळलं होतं. एखाद्या लांबच्या नातेवाइकाची बातमी ऐकावी, तशी तिनं ती ऐकली होती.

रस्ता मागणारी बाई म्हणजे कानाए. आठवडाभर माशांच्या वड्यांच्या कारखान्यात काम करायची आणि रविवारी सरांच्या हाताखाली शिकायची. मिझुहोपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असेल. अंत्यविधीला ती मागच्या रांगेत बसून इतकी रडली होती की एका काकूंनी मिझुहोला हळूच विचारलं होतं, "ही धाकटी का?"

कानाएनं कमरेत वाकून नमस्कार केला. चुकलं तर तिथंच टोका, सरही टोकायचे, एवढंच ती म्हणाली. मिझुहोनं मान हलवली. टोकायला मिळावं, याच इच्छेनं ती रात्रभर जागी होती.

पाहुणे मोजकेच होते. कोकुराहून आलेलं एक म्हातारं जोडपं आणि ओसाकाच्या तीन मैत्रिणी. किल्ला असा उरलेलाच नाही, नुसती दगडी बैठक आणि खंदकातलं हिरवं पाणी. कानाए पाहुण्यांकडे तोंड करून उलटी चालू लागली. एकदा, फक्त एकदाच, रस्त्यापलीकडून तिनं बाबांना असं उलटं चालताना पाहिलं होतं. गोष्टीचं महत्त्वाचं वाक्य यायच्या आधी घसा खाकरायचा, मग थोडं थांबायचं, हेही त्यांचंच. एरवी ते खाकरणं म्हणजे जेवण झाल्याची खूण होती. त्यापुढे काही बोलणं येतं, हे तिला आत्ता कळत होतं.

"सामुराईंची नोकरी गेली तेव्हा," कानाए सांगत होती, "त्यांना काय येत होतं? तलवार. आणि तलवारीला गिऱ्हाईक नव्हतं. मग त्यांनी अंगणात आंबट संत्र्यांची झाडं लावली. लढाईत ज्यांना कुणी हरवलं नाही, त्यांना संत्र्यांनी पोसलं."

म्हातारे आजोबा म्हणाले, "आमच्या हिला तलवार आणि सुरी यातलाही फरक कळत नाही," आणि आजीबाईंनी त्यांना कोपरानं ढोसलं. भिंतींवरून फांद्या बाहेर आल्या होत्या. झाडांवर जुनी पिवळी फळं आणि नवी पांढरी फुलं एकाच वेळी होती, वासानं डोकं भरून जात होतं. मिझुहो चूक शोधत होती. सापडत नव्हती. कानाए चांगली होती. मिझुहोनं गाइड व्हायचं मनावर घेतलं असतं तर ती जितकी चांगली झाली असती, त्याहून चांगली होती.

मग ती काटकोनात वळणारी गल्ली आली. दोन्ही बाजूंना डोक्याहून उंच मातीच्या भिंती, त्यांत कौलांचे तुकडे थरांनी बसवलेले. पुढचं काही दिसू नये, शत्रूनं चकावं, म्हणून बांधलेली.

"शत्रू काही आला नाही," कानाए म्हणाली. "आजवर इथं पाहुणेच चकले. आणि एक मुलगी."

तिनं घसा खाकरला. मग मिझुहोकडे एक नजर टाकली आणि ती नजर चटकन पाहुण्यांकडे वळवली.

माझे गुरू होते, ती सांगू लागली. त्यांची मुलगी सात वर्षांची असताना त्यांच्याबरोबर या गल्लीत आली आणि पुढं पळाली. एक वळण, दुसरं वळण, आणि दिसेनाशी झाली. भिंतीपलीकडून आवाज येतोय, पण कुठून ते कळत नाही. सरांनी खाली पडलेलं एक संत्रं उचललं, भिंतीवरून फेकलं आणि ओरडले, कुठं पडलं सांग. पलीकडून उत्तर नाही, संत्रंच परत आलं. सरांनी पुन्हा फेकलं. पुन्हा परत आलं. असं ते संत्रं भिंतीवरून ये-जा करत राहिलं आणि दोघं त्याच्या मागानं चालत चालत याच, या दुसऱ्या वळणावर समोरासमोर आले. संत्र्याचं पार भरीत झालं होतं. आणि मुलगी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाबा, किती शोधलं मी तुम्हाला. हरवता कशाला सारखे?"

ओसाकाच्या मैत्रिणी खिदळल्या. आजोबा टाळी वाजवून हसले. मिझुहो भिंतीला हात लावून उभी होती.

ती सात वर्षांची असताना बाबा तिला या गल्लीत घेऊन आले नव्हते. आठ वर्षांची असतानाही नाही. रविवारी कुठं ना कुठं नळ फुटलेला असायचा, आणि नसेल तेव्हा ते झोपायचे. ती शाळेच्या सहलीबरोबर इथं आली होती आणि रांगेतून एक पाऊलही बाहेर टाकलं नव्हतं. वडिलांना 'हरवता कशाला' म्हणायची तिची छाती झाली नसती. ही कुणी दुसरीच होती. धीट, वाचाळ, कमरेवर हात ठेवणारी. रविवारमागून रविवार बाबा हिच्याबरोबर फिरले होते. हिच्याशी खेळले होते, हिची बोलणी ऐकून घेतली होती. कानाएचा हेवा सोसण्यासारखा होता, ती निदान हाडामांसाची होती. पण या जन्मालाच न आलेल्या पोरीनं मिझुहोचं नाव न घेता तिची सगळी जागा घेतली होती.

"अगंबाई," आजीबाई डोळे पुसत म्हणाल्या, "मग आता कुठं असते ती?"

कानाएकडे उत्तर असणार हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. मिझुहोच्या देखत ते द्यायला तिची जीभ रेटत नव्हती.

"ती मी," मिझुहो म्हणाली. "आणि असं काही घडलेलं नाही."

आजोबा उगाच भिंतीवरच्या फुलांकडे बघायला लागले. कानाएनं पाहुण्यांची माफी मागितली, पुढच्या मोठ्या दरवाजापाशी सावलीत थांबायला सांगितलं आणि ते वळून दिसेनासे होईपर्यंत वाट पाहिली. तिच्या चेहऱ्यावर खोटं पकडलं गेल्याची लाज नव्हती, आणि मिझुहोला तेच जास्त लागलं.

"मला ठाऊक आहे," कानाए म्हणाली. "सरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

म्हणजे हेसुद्धा हिला दिलं होतं. गोष्ट आणि वर गोष्टीतलं गुपितही.

"काय सांगितलं होतं?"

"हेच, की हे घडलं नाही, घडायला हवं होतं. मी म्हटलं, सर, एक दिवस मुलगी येईल आणि सगळ्यांसमोर तुमचं खोटं बाहेर काढेल. तर म्हणाले, काढू दे. त्यासाठी तरी तिला मागून चालत यावं लागेल ना." कानाएनं पाहुणे गेलेल्या वळणाकडे पाहिलं. "दर रविवारी निघताना ते पाहुण्यांच्या घोळक्यावरून एक नजर फिरवायचे. मला आधी वाटायचं, माणसं मोजतात."

मिझुहोनं ऐकून घेतलं. रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. जे आलं ते रागाच्या जवळचं होतं. ती नजर तिच्यासाठी होती, आणि ती पाहायलाही हीच तिथं उभी होती. वाट तिची बघितली गेली आणि बघितलेली बघायला मिळाली हिला.

दरवाजापाशी ती पाहुण्यांमध्ये जाऊन मिसळली. उरलेला रस्ता कानाएनं नीट चालवला, आवाज तेवढा जरा खाली आला होता. नदीकाठी रस्ता संपला. ओसाकाच्या मैत्रिणींनी फोटो काढले, आजीबाईंनी मिझुहोचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडला. सगळे गेले. मग कानाए तिच्यासमोर हात जुळवून उभी राहिली. आता काय ते मिझुहोनं म्हणायचं होतं.

नाही म्हणणं फार सोपं होतं. एका शब्दात ही बाई पुन्हा वड्यांच्या कारखान्यातली बाई झाली असती. मिझुहोनं तो शब्द तोंडात घोळवून पाहिला. त्याची चव वाईट नव्हती.

"रस्ता चालू द्या," ती म्हणाली. "चांगला चालवता तुम्ही. पण ती मुलगी नको."

कानाएनं वर बघितलं. "गोष्ट सोडू म्हणता?"

"हो."

"लोक विचारतील. काही जण तीच ऐकायला पुन्हा येतात."

"सांगा, मुलीनं घरी नेली."

"आणि मग त्या वळणावर काय सांगू?"

"भिंती उंच आहेत. वारा लागत नाही, म्हणून फळं टिकतात. ते खरंही आहे."

कानाएनं मान खाली घातली. तिच्याही वाट्याचं सरांचं काहीतरी त्या वळणावर होतं, हे त्या खाली गेलेल्या मानेवरून आंधळ्यालाही कळलं असतं. मिझुहोला ते दिसलं, आणि दिसूनही तिनं शब्द मागं घेतला नाही. कानाए खोल वाकली, आभार मानून खंदकाकडे निघाली. दुपारची माणसं तिथं जमत होती.

मिझुहोनं आता घरी जायचं होतं. आई जेवायची थांबली असेल. पण ती पुन्हा गल्लीत आली आणि वळणाच्या अलीकडे, भिंतीआड उभी राहिली. बऱ्याच वेळानं पावलं आली, मग कानाएचा आवाज. सामुराईंची नोकरी गेली. तलवारीला गिऱ्हाईक नव्हतं. शत्रू काही आला नाही, पाहुणेच चकले. लोक थोडे हसले. मग कानाएनं घसा खाकरला आणि थोडी थांबली.

"या भिंती उंच आहेत," ती म्हणाली. "त्यामुळे वारा लागत नाही. फळं टिकतात."

कुणीतरी 'हो का' म्हणालं. कुणी हसलं नाही. माणसं पुढं सरकली. मिझुहो भिंतीआड उभी होती. त्या वळणावर आता बाबांची दुसरी कुणी मुलगी नव्हती, आणि बऱ्याच दिवसांनी तिला बरं वाटत होतं.