वकिलाच्या ओटीवरचा खांब

मी एक खांब आहे. सागाचा, सरळ, अंगाने भक्कम आणि स्वभावाने थोडा हट्टी. आम्हा खांबांना तोंड नसते, पण पाठी ओळखता येतात. नंदुरबारला भाईदास वकिलांच्या ओटीवर मी इतकी वर्षे काढली, की अशिलाने नुसती पाठ टेकली तरी मला कळायचे, हा खटला जिंकून आला आहे की हरून. जिंकलेला नीट टेकत नाही, त्याला घरी जायची घाई असते. हरलेला मात्र सगळा भार टाकतो.

माझा जन्म नवापूरकडच्या डोंगरातला, रेंग्या नावाच्या कोकणी जमातीच्या आदिवासी शेतकऱ्याच्या बांधावरचा. मी वीतभर होतो तेव्हा रेंग्याच्या बापाने नांगर बाजूने वळवला आणि मला राहू दिले. पोराच्या घराला मधला खांब होईल, असे तो म्हणाला होता. त्या लोकांच्या घरात मधला खांब म्हणजे देवच. लग्नाची हळद आधी त्याला लागते, नवे भात आधी त्याच्या पायाशी ठेवतात. आणि त्याला हात लावून कोणी खोटे बोलत नाही.

बाप गेला, रेंग्याचे मंगळीशी लग्न झाले आणि घर बांधायची वेळ आली. तोडायच्या आदल्या दिवशी रेंग्या माझ्याकडे आला. बुंध्याशी तांदूळ वाहिले, मोहाची दारू शिंपडली आणि उद्या येऊ का म्हणून विचारले. तेवढ्यात वारा सुटला, माझी पाने हलली. त्याने तो होकार समजला. खरे सांगतो, वारा नसता तरी मी नाही म्हटले नसते. पुढे मला पुष्कळांनी कापले, तासले, रंधले, पण विचारले फक्त त्याने.

मात्र सरकारला त्याने विचारले नव्हते. कायदा मोठा गमतीचा. शेत रेंग्याचे, बांध रेंग्याचा, शेतसारा भरायचा रेंग्याने आणि त्याच बांधावर आपोआप उगवलेला साग तेवढा सरकारचा. मी आडवा पडलो न पडलो तोच जंगलखात्याचा गार्ड हजर झाला. मला मुद्देमाल म्हणून गाडीवर घातले, रेंग्याला गाडीमागून चालवले आणि आम्हा दोघांना नंदुरबारच्या कचेरीसमोर आणून सोडले.

तिथे मी भाईदासांना पहिल्यांदा पाहिले. रनाळे गावच्या शेतकरी घरातला पहिला वकील, अंगावर कोरा काळा कोट. कोणी वाली नाही म्हणून त्यांनी रेंग्याचे वकीलपत्र घेतले. गार्डची साक्ष कच्ची होती, तोडताना कोणीच पाहिले नव्हते. झाड वाऱ्याने पडले एवढेच म्हणायचे, असे त्यांनी रेंग्याला चार वेळा पढवले. रेंग्याने चारही वेळा मान डोलावली आणि तो सुटल्यात जमा झाला.

पण मॅजिस्ट्रेटच्या मनात काय आले कोण जाणे. आरोपीला मुद्देमाल दाखवा, म्हणाले. रेंग्याला आवारात माझ्यापाशी आणले. हे झाड ओळखतोस का, असे विचारल्यावर तो खाली वाकला आणि त्याने माझ्यावर हात ठेवला. तिथेच सगळे संपले. मी अजून त्याच्या घरात उभाही राहिलो नव्हतो, पण त्याच्या लेखी मी मधला खांब झालो होतो.

"मीच तोडं," तो म्हणाला. "झाड मन्हं शे. दुसरा कोण तोडी?"

भाईदासांनी कपाळाला हात लावला. रेंग्या तुरुंगात गेला. माझ्यावर सरकारी हातोड्याचा छाप बसला आणि मी लिलावात गेलो.

लिलावातला माल कुठून कुठे जाईल, सांगता येत नाही. एका सुताराने मला घेतले, तासले आणि नंदुरबारात नवे घर बांधणाऱ्या एका वकिलाला विकले. ते वकील म्हणजे भाईदासच. त्यांनी मला ओळखले नाही. दगडी तळखड्यावर मला उभे केले आणि माझ्या अंगात एक खुंटी ठोकली. कचेरीतून आले की काळा कोट तिच्यावर लटकायचा. भाईदासांचा जम बसला, कोट विटत गेला, ओटी अशिलांनी भरू लागली. त्यांची बायको कौसाबाई आल्यागेल्याला पाणी द्यायची आणि माझ्यावर डोक्याचे तेल पुसणाऱ्यांच्या नावाने बडबडायची.

बऱ्याच वर्षांनी एकदा डोंगरातले काही लोक ओटीवर आले. सगळ्यांवर तोच सागाचा खटला. त्यांच्यात एक पाठ मला टेकली आणि मी ओळखली. रेंग्या होता. टेकताच तो चमकला, वळला आणि माझ्या कमरेवरची खाच चाचपू लागला. मी कोवळा असताना त्याच्या बापाच्या बैलाने शिंगे घासून केलेली खाच ती. सुताराच्या रंध्यालाही ती गेली नव्हती.

तो भाईदासांना म्हणाला, "दादा, हाऊ मन्हा घरना खांब शे."

भाईदासांचा चेहरा पडला. आत्ता काढून देतो, घेऊन जा, असे ते म्हणू लागले. रेंग्याने नकार दिला. माझ्या एकट्याच्या घरात खांब उभा राहील, मग या बाकीच्यांचे काय, असे त्याने विचारले. तू शिकलेला आहेस, आधी तो कायदा बदल, मग खांब नेईन. त्याच्या बोलीत मॅजिस्ट्रेटपासून वकिलापर्यंत सगळ्यांना तूच असे.

भाईदास उठले आणि त्यांनी माझ्यावर हात ठेवला. हात ठेवण्याचा अर्थ त्यांना ठाऊक होता, त्याच अर्थापायी तर ते पहिला खटला हरले होते.

"मी असेंब्लीमा जासू," ते म्हणाले. "कायदा बदलसू. मंग हाऊ खांब तुन्हा घरमा उभा करसू."

सदतीस साली ते निवडणुकीला उभे राहिले. नवापूरपासून प्रकाशा गावापर्यंत धूळ खात फिरले. गंमत बघा, ज्याच्यासाठी ते उभे होते त्या रेंग्याला, सारा कमी भरतो म्हणून, मतच नव्हते. तरी तो सभांना यायचा आणि सगळ्यांत मागे बसायचा. भाईदास निवडून आले. ओटीवर गुलाल उडाला, माझ्याही अंगावर पडला. लोक त्यांना मेंबरसाहेब म्हणू लागले.

मग मुंबई सुरू झाली, पुणे सुरू झाले. कोट खुंटीवर कमी आणि आगगाडीत जास्त. त्यांनी प्रश्न विचारला, तेव्हा बाब विचाराधीन असल्याचे उत्तर मिळाले. त्यांनी स्वतः विधेयक लिहून नेले, ते पुढच्या बैठकीवर गेले, तिथून पुढच्या. आपल्याच पक्षाचे मंत्री गोड बोलून पाठीवर हात ठेवतात आणि कागद बाजूला सारतात, असे ते कौसाबाईला सांगत. ती म्हणायची, मोठे घर पोकळ वासा. मग लढाई पेटली, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि विधेयक दप्तरात राहिले ते राहिलेच.

त्यानंतर भाईदास माझ्या बाजूने ओटी चढेनासे झाले. दुसऱ्या टोकाच्या पायरीने येत. कोटसुद्धा आत टांगू लागले. मला वाईट वाटायचे. मी कधी काही मागितले होते का त्यांच्याकडे? पण दिलेला शब्द माणसाला खांबापेक्षा मोठा दिसतो, हे मला त्यांच्याकडे बघून कळले.

बेचाळीसला ते तुरुंगात गेले. सुटून आले ते खोकला घेऊनच. त्याच सुमारास रेंग्या वारल्याची बातमी आली. भाईदासांनी कोणाशी चर्चा केली नाही. गवंडी बोलावला, माझ्या शेजारी दगडी खांब चढवला आणि मला सोडवायला सांगितले. कौसाबाई दारात उभी राहून बघत होती.

"तुम्ही वकील शेतस का सुतार?" ती म्हणाली. तिचे डोळे मात्र भरले होते.

मला बैलगाडीवर घातले आणि भाईदास माझ्याशेजारी बसले. आम्ही रेंग्याचे घर गाठले. मंगळी म्हातारी झाली होती. घर बांबूच्या टेक्यावर कसेबसे उभे होते, इतकी वर्षे तिथे मधला खांब नव्हता. रेंग्याने दुसरा लावूच दिला नव्हता.

मंगळी म्हणाली, आधी कायदा, मग खांब, असे ठरले होते. कायदा झाला का?

भाईदासांनी गाडीतच माझ्यावर हात ठेवला.

"नही व्हयना, बाई. मन्हा कडथून व्हयना नही."

मंगळी माझ्याकडे बघत राहिली. मग पुढे होऊन तिने त्यांच्या हाताशेजारी आपला हात ठेवला. "खांबला हात लाईसन खरं बोलना तू," ती म्हणाली. "रेंग्या बी असाच बोलना व्हता. आण मंग आत."

सुताराने मला कधीच आखूड केले होते, छपराला मी पुरेना. मंगळीने खांब बदलला नाही, छप्पर हातभर खाली घेतले. तांदूळ वाहिले, हळद लावली. भाईदासांनी माझ्या मुळाशी स्वतः माती दाबली. त्यानंतरचा पावसाळा त्यांनी पाहिला नाही.

मी आता इथेच उभा आहे. बैलाची खाच आहे, सरकारी छाप आहे आणि वकिलाची खुंटीही आहे. खुंटीला मंगळीच्या नातीची झोळी बांधलेली असते. घराचे दार बसके झाले आहे, आत येणाऱ्याला वाकावे लागते. बांधावरचा साग अजून सरकारचाच आहे आणि गार्ड अजून येतो.

एकच मागणे आहे. पुढे जो कोणी असेंब्लीत जाईल, त्याने जायच्या आधी एकदा या घरात वाकून यावे, माझ्यावर हात ठेवावा आणि मग काय द्यायचा तो शब्द द्यावा. आणि जमले नाही, तर भाईदासांसारखे परत येऊन तेही सांगावे. मंगळी दार लावत नाही.