मास्तरांच्या नावावरची चाल

माझीच चाल वाजवायला मला परवानगी लागते, हे कळलं तेव्हा मी हसलो. नोटीस दुसऱ्यांदा वाचल्यावर हसू विरलं.

झालं असं. मंगळवार पेठेत माझा पेटीचा क्लास आहे. क्लासच्या कार्यक्रमात मी एका मालिकेचं शीर्षकगीत वाजवलं, मुलांनी ते नेटवर टाकलं आणि आठवड्यात व्हिडिओ उडाला. कारण काय, तर मूळ संगीतकाराची संमती नाही. आता ती चाल मी स्वतः केलेली, २०२२ साली, ह्याच पेटीवर. मग हा मूळ संगीतकार आला कुठून?

संगीतकारांचे हक्क सांभाळणारी एक संस्था मुंबईत आहे, तिथं फोन लावला. अंतरा नावाची मुलगी बोलली.

"सर, आमच्या नोंदीत संगीतकार आकाराम मास्तर आहेत. तुम्ही वाद्यसंयोजक. पण मास्तर २००९ मध्ये वारले, असंही दिसतंय. मग २०२२ ची चाल त्यांनी कशी केली?"

"तेच मी तुम्हाला विचारतोय," मी म्हणालो.

"फॉर्म तुम्हीच भरलाय, सर."

भरला होता खरा. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय? मास्तर माझे गुरू. आमच्यात पेटी उघडताना आधी कानाची पाळी धरायची, गुरूचं नाव घ्यायचं, मग स्वराला हात लावायचा. फॉर्मवर संगीतकाराच्या रकान्यात एकाच नावाची जागा होती. पहिलं नाव आपलं कसं लिहायचं? मी मास्तरांचं लिहिलं आणि स्वतःला खालच्या ओळीत बसवलं. कागद मान ओळखत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"मेलेला माणूस चाली लावतोय आणि जित्याला नोटीस येतीया," माझी बायको वर्षाराणी म्हणाली. "सुधारून घ्या की."

सुधारायला दोन कागद लागणार होते. मी खोटी माहिती भरली, असं माझं प्रतिज्ञापत्र, आणि मास्तरांच्या वारसाची संमती. तीस वर्षांत लोकांच्या तोंडी बसलेली माझी ही एकच चाल. ती नावावर नसेल तर मी नुसता क्लासवाला. पण ज्यांनी मला पेटीवर बोटं ठेवायला शिकवलं, त्यांचं नाव स्वतःच्या हातानं खोडायचं? राग नेमका कुणावर काढावा, तेही समजेना.

मास्तरांना मूलबाळ नव्हतं. त्यांच्या पत्नी बनाबाई पेठ वडगावात भावाच्या घरी राहतात. आम्ही शिष्य त्यांना आक्का म्हणतो. दोन्ही कागद घेऊन मी एसटीनं गेलो आणि सगळं सांगितलं.

"ऐकीव बगू," आक्का म्हणाल्या.

मी मोबाइलवर चाल लावली. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकली.

"ही त्यांची न्हाय."

"व्हय आक्का, माझी हाय. पण वळण मास्तरांचंच की."

"कसलं वळण? असली गुळमुळीत चाल त्यांनी जन्मात केली नसती. आन् तू त्यांचं नाव लावलंस हिला?"

मला वाटलं होतं, मान दिला म्हणून त्यांना बरं वाटेल. त्यांनी चष्मा लावून झटक्यात सही केली. मग आत गेल्या आणि चार जुन्या कॅसेटी आणून माझ्या पुढ्यात ठेवल्या.

"वाच. संगीत कुणाचं लिवलंय?"

चारही कॅसेटींवर छापलं होतं, संगीत पारंपरिक. ती सगळी गाणी मास्तरांनी माझ्यादेखत बांधली होती. कॅसेट कंपनीनं एका दिवसाच्या हजेरीचे पैसे दिले आणि नाव घातलंच नाही. जत्रेत, लग्नात आजही ती वाजतात. लोकांना वाटतं, पिढीजात आहेत.

"ह्यांच्यावर घाल की नाव," आक्का म्हणाल्या. "तुज्या चालीवर कशाला?"

मी तिथूनच अंतराला फोन लावला आणि आक्कांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं बोलायचं बटण दाबलं.

"होऊ शकतं, सर," ती म्हणाली. "लेखी पुरावा आहे?"

"न्हाय."

"मग साक्षीदार? गाणी होताना कोण हजर होतं?"

"मी. बाकीचे सगळे गेले."

पलीकडं कीबोर्ड वाजला, मग ती बोलली.

"सर, आज तुम्ही शपथेवर लिहून देताय, की मास्तरांच्या नावानं खोटी नोंद मीच केली. उद्या तुम्हीच सांगणार, की ही गाणी मास्तरांची. समोरची कंपनी पहिल्याच दिवशी हे प्रतिज्ञापत्र पुढं करेल. तुमचा शब्द कोण धरेल?"

फोन ठेवला. खोटं लिहिलं तेव्हा मी भला शिष्य होतो. आता खरं लिहायला बसलो, तर मास्तरांचा एकुलता एक साक्षीदार खोटा ठरत होता. हे कुठल्या न्यायात बसतं, मला आजही समजलेलं नाही.

"आक्का, मी सही न्हाय केली तर?"

"तर तुजी चाल त्यांच्या नावावर ऱ्हाईल." त्यांनी कॅसेटी एकावर एक रचल्या. "आन् ह्या गाण्यांसाठी तू भांडशील? तुज्या क्लासात ही गाणी कुणाची म्हणून शिकवतोस?"

पारंपरिक म्हणूनच शिकवत होतो. कॅसेटीवर तसं छापलं होतं म्हणून.

आक्कांनी त्यांचं पेन माझ्यापुढं सरकवलं आणि दुसरीकडं बघत बसल्या. मी सही केली. तीही झटक्यात झाली, ह्याचीच मला लाज वाटली.

पंधरा दिवसांत नोंद सुधारली. चाल माझ्या नावावर झाली, व्हिडिओ परत दिसायला लागला. मास्तरांच्या नावावर आता एकही चाल नाही.